मुक्या जिवांचा उन्हाळा : आरे-वारेच्या वाळूवर शिकलेला धडा



गाळप हंगाम संपला की आपल्याला जरा उसंत मिळते. खोडव्याची बगल फोडून, खत-पाणी देऊन झालेले असते. पोरांच्या शाळांना सुट्टी असते. अशा वेळी घरातली माणसे एका गाडीत बसतात आणि आंबा घाट उतरून दोन दिवस कोकणात जाऊन येतात. गणपतीपुळ्याचे दर्शन, समुद्राचे स्नान, येताना आंब्याची पेटी, असा आपल्याकडचा ठरलेला बेत. अलीकडे या बेतात घरचा कुत्राही सामील होऊ लागला आहे. पूर्वी तो वस्तीवर राखणीला राहायचा, आता पोरांच्या मांडीवर बसून सहलीला जातो. त्यात वाईट काही नाही. पण उन्हाळ्यात या मुक्या जिवाचे काय होते, हे मला मागच्या मे महिन्यात आरे-वारेच्या किनाऱ्यावर कळले. ते आपल्या सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून या अंकात उसाऐवजी दारातल्या जनावरांविषयी लिहीत आहे.

काय घडले

आमचा मोती आठ वर्षांचा. अर्धा अल्सेशियन, अर्धा गावठी. अंगावर दाट काळे केस. विहिरीवरच्या मोटारीची केबल दोनदा चोरीला गेली, तेव्हा राखणीसाठी आणलेले हे पिलू. मोती आल्यापासून केबलला कोणी हात लावलेला नाही. नातवाचा त्याच्यावर भारी जीव. "मोती नाही तर मी पण नाही," म्हणून तो गाडीच्या दारात आडवा बसला. शेवटी घेतला बरोबर.

पहाटे निघालो. मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा करीत दहाच्या सुमारास रत्नागिरीत पोचलो. तिथून पुळ्याला किनाऱ्याच्या रस्त्याने गेले की वाटेत आरे आणि वारे ही दोन गावे लागतात. डोंगराची एक सोंड समुद्रात उतरलेली, तिच्या दोन अंगांना दोन पुळणी. काठाने सुरूची झाडे. वरच्या वळणावरून पाहिले की गाडी थांबवल्याशिवाय माणूस पुढे जात नाही. आम्हीही थांबलो.

वारा सुटला होता. आकाशात थोडे ढग होते. आपल्याकडच्या उन्हासारखे अंग भाजत नव्हते. म्हटले, छान हवा आहे, खेळू दे पोरांना. नातू आणि मोती तासभर वाळूत पळाले. मोती मधून मधून लाटेचे खारे पाणी चाटत होता, त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. बारा वाजले तशी भुका लागल्या. जवळच एका घरात जेवणाची सोय होती. कुत्र्याला आत कसे न्यायचे, म्हणून त्याला गाडीत बसवले, काचा चार-चार बोटे खाली ठेवल्या आणि आम्ही जेवायला गेलो. गाडी झाडाच्या सावलीत लावली होती. पण सावली काय, सूर्याबरोबर सरकते.

पाऊण तासाने आलो तर गाडीवर पुरते ऊन. मोती सीटवर आडवा पडलेला. तोंडातून चिकट लाळ गळत होती, जीभ लांब बाहेर, हिरड्या विटेसारख्या लाल. श्वास इतका भरभर की मोजता येईना. नातवाने हाक मारली तर डोळे उघडे असून त्याने ओळख दिली नाही. उतरवायला गेलो तर पाय लटपटून खाली कोसळला.

मुलगा म्हणाला, "आबा, बसा गाडीत, रत्नागिरीला डॉक्टरकडं न्यायचा." मीही बसणार होतो. तेवढ्यात ज्या घरी जेवलो त्या घरची म्हातारी धावत आली. "पावण्यांनो, थांबा जरा. आधी त्याला सावलीत घ्या, पाणी घाला. असाच नेलात तर वाटंत जाईल हो तो."

तिने सुनेला विहिरीवर पिटाळले. सुरूखाली मोतीला आडवा केला आणि मानेपासून शेपटीपर्यंत, पोटावर, मांड्यांच्या आत, पंजांवर कळशीने पाणी घालायला लागलो. म्हातारी झावळीचा तुकडा घेऊन वारा घालत होती. नातू रडत होता, त्याच्या हातात तिने सूप दिले, "तू पण घाल रे बाबा." सहा-सात कळशा झाल्या. पंधरा-वीस मिनिटांनी मोतीची धाप जरा उतरली आणि त्याने मान उचलून नातवाकडे पाहिले. मग काचा पुऱ्या उघड्या टाकून, ओल्या अंगानेच त्याला रत्नागिरीला नेले.

डॉक्टरांनी शिरेतून सलाईन दिले. ताप पाहिला तर १०४ अंश फॅरनहाइट. म्हणाले, "पाणी घालून आणलात हे बरे केले. कोरडा आणला असता तर कदाचित मला काही करता आले नसते." पुढचे तीन दिवस लघवीवर लक्ष ठेवायला सांगितले, कारण उष्माघाताचा मार मूत्रपिंडावर बसतो आणि तो लगेच दिसत नाही. मोती वाचला. पण दहा वाजल्यानंतरचे ऊन त्याला आता सोसत नाही. एकदा उष्माघात झालेल्या जनावराला तो पुन्हा लवकर होतो, असेही डॉक्टरांनी बजावले आहे.

समुद्रकाठचे ऊन फसवे का?

माझा पहिला प्रश्न हाच होता. रत्नागिरीचा पारा मे महिन्यात साधारण ३२-३३ अंश सेल्सिअसवर असतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ३७-३८ होतात, सोलापूरकडे ४० च्या वर जातो. आपल्या वस्तीवर मोती तेवढ्या उन्हातही बरा असतो. मग कोकणात का कोसळला?

डॉक्टरांनी समजावले ते असे. माणसाला सर्वांगाला घाम येतो आणि घाम वाळताना अंग थंड होते. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, पंजाच्या गादीला तेवढा थोडा येतो. त्याचा सगळा भरवसा धाप टाकण्यावर. जीभ आणि घशातला ओलावा श्वासाबरोबर वाफ होऊन जातो, त्यात उष्णता निघून जाते. हवा कोरडी असली की हे काम चांगले चालते. समुद्रकाठी हवेत आधीच पाणी भरलेले असते. तिथे ओलावा उडतच नाही. ओले धोतर आपल्या अंगणात तासात वाळते आणि कोकणात दुपारपर्यंत दमटच राहते, तसेच हे. कुत्रा धाप टाकत राहतो, पण अंग थंड होत नाही. उलट धाप टाकण्याच्या मेहनतीने आणखी तापते.

हवामान खात्यानेही हा फरक मानलेला आहे. उष्णतेची लाट आहे की नाही हे पाहताना मैदानी भागात पारा किमान ४० अंश असावा लागतो, किनारपट्टीवर मात्र ३७ अंशांपासून तो विचार सुरू होतो. त्या जोडीला नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी वाढ असावी लागते.

कोकणात पारा एकाएकी चढण्याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. रोज सकाळी उशिरा समुद्रावरून खारे वारे सुरू होतात आणि ते हवा आवरून धरतात. ज्या दिवशी जमिनीकडून पूर्वेचे वारे जोर करतात, त्या दिवशी खारे वारे उशिरा येतात आणि किनारा तापतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये थंडी सरते न सरते तोच कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा निघाला होता. रायगड जिल्ह्यात घाटाच्या पायथ्याला असलेल्या भिऱ्याला मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंशांची नोंद झाली होती. म्हणून कोकण म्हणजे गारवा, हा आपला समज सोडून द्यावा.

तात्पर्य एवढेच की, पारा किती हे पाहून जनावराचे सुख-दुःख कळत नाही. त्याचा श्वास पाहावा. तोच त्याचा पारा.

बंद गाडी म्हणजे भट्टी

काच चार बोटे खाली ठेवली की हवा खेळते, असे मी समजत होतो. २००५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी उन्हात उभ्या गाडीत उष्णता मोजून पाहिली. बाहेर २२ ते ३६ अंश असताना आतली उष्णता तासाभरात सरासरी २२ अंशांनी चढली. त्यातली चार पंचमांश वाढ तर पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. आता हिशेब करा. बाहेर ३३ असेल तर अर्ध्या तासात गाडीत ५० अंश होतात. एवढ्यात आमचे ताट वाढूनही झाले नव्हते.

म्हणून पाच मिनिटांसाठीसुद्धा कुत्र्याला गाडीत कोंडू नये. एकाने बाहेर सावलीत त्याच्याजवळ बसावे आणि जेवणे आळीपाळीने उरकावीत. टेम्पो-ट्रॅक्टरच्या हौद्यात दुपारी शेळ्या-कालवडी भरून बाजाराला नेतानाही हाच विचार करावा. पत्रा खालून तापतो आणि वर ऊन असते.

वाळूचेही तसेच. आपल्या पायात चप्पल असते, त्याच्या नसते. वाळू, डांबर किंवा फरशी यांवर आपल्या हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहावी. आपला हात टिकत नसेल तर त्याचा पंजाही टिकणार नाही. समुद्राचे पाणी पिऊ देऊ नये, मिठाने उलट्या-जुलाब होऊन अंगातले पाणी आणखी कमी होते. आरे-वारेचा समुद्र ओढीचा आहे. कुत्र्याला वाचवायला माणसाने पाण्यात उडी घ्यावी, अशी वेळ येऊ देऊ नये. आणि आंब्याच्या दिवसांत कोय कुत्र्यापासून लांब टाकावी. गिळली तर आतड्यात अडकते आणि पोट फाडून काढावी लागते.

बैलाने शिकवले होते, पण आम्ही शिकलो नाही

खरे म्हणजे हा धडा मला वीस-बावीस वर्षांपूर्वीच मिळाला होता. एका कारखान्याच्या आवारात एप्रिलच्या दुपारी बैलगाड्यांची रांग लागली होती. हंगाम लांबलेला. माझ्या पुढच्या गाडीचा बैल सकाळपासून जुवाखाली उभा होता. तोंड उघडे, जीभ बाहेर, लाळेच्या तारा. गाडीवान बीडकडचा, तरणा पोरगा. तो म्हणाला, "दमलाय जरा, काटा झाला की सोडतो." काटा व्हायच्या आधी बैल खाली बसला. मग धावाधाव. कोणी म्हणाले नजर लागली. कोणी बांबूच्या नळीने तोंडात पाणी ओतले. ते बहुधा श्वासनळीत गेले असावे, बैल ठसकला आणि थोड्या वेळात संपला. तो पोरगा जुवावर डोके ठेवून बसला होता. बैलावर उचल घेतली होती त्याने. बैल गेला, उचल राहिली.

पाणी भरपूर होते तिथे. शंभर पावलांवर हौद होता. ते अंगावर घालायचे, तोंडात नव्हे, एवढे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही.

ओझ्याच्या जनावरांसाठी कायदा आहे, हेही तेव्हा माहीत नव्हते. केंद्र सरकारच्या १९६५ च्या नियमांप्रमाणे जेथे पारा ३७ अंशांच्या वर असेल तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात बैल-रेडा, घोडा, गाढव यांना कामाला जुंपता येत नाही. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. ज्यांच्या गाड्यांवर आपला ऊस कारखान्यापर्यंत येतो, त्यांना हे सांगणे आणि त्या वेळात फडात गाडी भरण्याचा आग्रह न धरणे, हे आपणा सभासदांचेही काम आहे.

उष्माघात झाला तर काय करावे

लक्षणे सगळ्या जनावरांत साधारण सारखीच. तोंड उघडून भरभर धाप, चिकट लाळ, हिरड्या गडद लाल, तोल जाणे, ओकारी किंवा जुलाब, हाकेला ओ न देणे. कुत्र्याचा नेहमीचा ताप १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतो. तो १०४ च्या वर गेला की धोका आणि १०६ ला जीव जाण्याची वेळ. गाय-बैल विश्रांतीला असताना मिनिटाला ३० पर्यंत श्वास घेतात. बरगडीकडे पाहून मोजावे. साठाच्या वर गेले तर उन्हाचा त्रास चालू झाला असे समजावे. अशा वेळी :

१. आधी अंग थंड करावे, मग डॉक्टरकडे न्यावे. ही ओळ गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे.

२. सावलीत घेऊन विहिरीचे, नळाचे, जे हाताशी असेल ते पाणी मान, पोट, मांड्यांची आतली बाजू आणि पाय यांवर घालत राहावे. बरोबर वारा घालावा. बर्फ शोधत वेळ दवडू नये.

३. ओले पोते किंवा टॉवेल अंगावर तसाच झाकून ठेवू नये. तो थोड्या वेळात गरम होतो आणि आतली उष्णता कोंडतो. पाणी घालत राहणे चांगले.

४. शुद्धीवर असेल तर साधे पाणी समोर ठेवावे, घोट घोट पिऊ द्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही ओतू नये.

५. धाप उतरली, जनावर सावध झाले की पाणी घालणे थांबवावे, नाहीतर अंग नको इतके गार पडते.

६. बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावेच. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे, तो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असावा.

दोन गोष्टी मात्र कधी करू नयेत. अंग तापले म्हणून माणसाची तापाची गोळी देऊ नये. हा ताप रोगाचा नसल्याने त्या गोळीने उतरत नाही, आणि पॅरासिटामॉल तर मांजराला विष आहे. दुसरे म्हणजे, ऊन लागू नये म्हणून आपण कांदा खातो, खिशात ठेवतो. तो कुत्र्या-मांजराला खायला देऊ नये. कांद्या-लसणाने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

घरी आणि वस्तीवर

कुत्रा साखळीला बांधलेला असेल तर सावली सरकल्यावर तो सरकू शकत नाही. दुपारी साखळी किती लांब आहे आणि तीन वाजता त्या जागी ऊन असते की सावली, हे एकदा स्वतः उभे राहून पाहावे. वीस किलोच्या कुत्र्याला रोज लिटरभर पाणी लागते, उन्हाळ्यात दुप्पट. पत्र्याच्या भांड्यापेक्षा मातीचे किंवा सिमेंटचे पसरट भांडे बरे, आणि एकाऐवजी दोन ठेवावीत, म्हणजे एक लवंडले तरी दुसरे राहते. भाकरी-दूध सकाळी लवकर आणि रात्री द्यावे. सकाळचे उरलेले दुपारी आंबते, ते काढून टाकावे. दाट केसाच्या कुत्र्याचे केस मुळापासून भादरू नयेत. ते त्याला उन्हापासूनही राखतात. रोज विंचरून गळके केस काढावेत एवढे पुरे.

लहान चपट्या नाकाची कुत्री आता आपल्या गावांतही दिसतात. त्यांचा श्वासाचा रस्ताच आखूड, त्यामुळे त्यांना ऊन सर्वांत आधी बाधते. बर्फाळ मुलखातली झुबकेदार कुत्री हौसेने आणणाऱ्यांनी आधी आपल्या संकरित गाईकडे पाहावे. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला बायफ संस्था उभी केली आणि पुढे होल्स्टिन-जर्सीचे रक्त आपल्या गोठ्यांत आले. दूध वाढले हे खरेच. पण थंड मुलखातले हे रक्त उन्हाला नाजूक असते, हे प्रत्येक दूधवाला सभासद जाणतो. मे महिन्यात डेअरीचे माप उतरते ते उगाच नाही. आपले खिलार, कोकणातली लहानखुरी कोकण कपिला, या जाती पिढ्यान्‌पिढ्या इथल्या उन्हात तावून निघाल्या आहेत. ज्या जनावराचा मुलूख थंड, त्याला आपण तेवढी सावली द्यायला बांधील आहोत.

सावलीसाठी ऊसवाल्याइतका श्रीमंत कोणी नाही. पाचट आहे की आपल्याकडे! गोठ्याच्या पत्र्यावर पाचटाचा जाड थर टाकून वर काठ्या बांधाव्यात आणि दुपारी त्यावर पाणी शिंपडावे. पाचट नसेल तर पत्र्याला वरून चुना मारावा. पाचट मात्र विजेच्या तारा आणि चूल यांपासून लांब ठेवावे, ठिणगीचे काम नाही. कोंबड्यांच्या खुराड्याला वाऱ्याच्या बाजूने ओले गोणपाट लावावे. कोंबडी चोच उघडून, पंख सोडून उभी राहिली की ती उन्हाने गुदमरत आहे असे समजावे.

म्हशीचे कातडे काळे आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा फार कमी. म्हणून तिला डुंबणे ही चैन नाही, गरज आहे. तळे-ओढा नसेल तर दिवसातून दोन-तीन वेळा अंगावर पाणी मारावे. दुभत्या संकरित गाईला उन्हाळ्यात दिवसाला ८० ते १०० लिटर पाणी लागते. ते सावलीतल्या टाकीत असावे. मोटार सुरू केल्यावर काळ्या पाइपातले पहिले पाणी चहासारखे गरम येते. तेच आपण घाईत दावणीत सोडतो. ते आधी पाटात जाऊ द्यावे. ओला चारा दिवसा आणि कडबा संध्याकाळनंतर द्यावा, कारण कोरडा चारा पचताना पोटात उष्णता जास्त होते.

उन्हाळ्यात गोचीड फार. गोचिडांमुळे कुत्र्याला आणि संकरित गाईला जीवघेणा ताप येतो. पण गोचिडांवर पिकाचे औषध मारू नये, त्याने जनावर दगावते. गोठ्यात वापरायचे औषधही मांजराला लावू नये. गोचिडांच्या औषधात येणारे परमेथ्रिन मांजराला सोसत नाही. औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

आणि अंगणात पाखरांसाठीही एक वाडगे भरून ठेवावे. पिंजऱ्यात देशी पोपट मात्र ठेवू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

पुन्हा आरे-वारे

कोकणात जाऊच नये असे माझे म्हणणे नाही. आम्ही यंदाही गेलो. त्या म्हातारीला गुळाची ढेप द्यायची होती. तिने ती आधी घेतलीच नाही, मग नातवाच्या हातून घेतली. किनाऱ्यावर सकाळी साडेसहाला उतरलो आणि नऊच्या आत वर आलो. दुपारभर सगळेच सावलीत होतो. कुत्र्याला न्यायचेच असेल तर त्याचा दिवस सकाळी नऊला संपतो आणि संध्याकाळी पाचनंतर सुरू होतो, एवढे धरून चालावे. पाण्याचा कॅन आणि त्याचे भांडे गाडीत आधी चढवावे, आपल्या पिशव्या नंतर.

मोती या खेपेला आला नाही. त्याला वस्तीवर जांभळीखाली ठेवले होते, शेजारच्या घरी सांगून, दोन भांडी पाणी भरून. निघताना नातवाने हट्ट धरला नाही. त्यानेच दोन्ही भांडी भरली आणि एक भांडे उन्हात राहील असे वाटून ते चार पावले आत सरकवले. मी विचारले, "का रे?" तर म्हणाला, "आबा, दुपारी सावली तिकडं जाती."

आपल्या गोठ्यात, आपल्या अंगणात दुपारी सावली कुठे जाते, हे आज एकदा पाहून घ्यावे, एवढीच सर्व सभासदांना विनंती.